फाइनवेर्कबाऊ ३००एस: पन्नाशीला आलेली मॅच एअर रायफल आज घ्यावी का?

नवी पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) परवडत नाही आणि साध्या स्प्रिंगच्या रायफलवर स्कोअर पुढे सरकत नाही, अशा कात्रीत सापडलेल्या नेमबाजासमोर कधी ना कधी ही रायफल येतेच. अक्रोडाचा दस्ता, उजव्या अंगाला स्प्रिंग दाबणारा लांबलचक लिव्हर, आणि पोलादावर कोरलेली वेस्टिंगर आणि आल्टेनबुर्गर ही दोन नावं. रेंजवर कुणी तिला ‘थ्री हंड्रेड’ म्हणतं, कुणी नुसतं ‘एफडब्ल्यूबी’. निवाडा आधीच सांगून टाकू: दहा मीटरच्या कागदावर ही रायफल आजही पुरून उरते. तिची नळी सहसा म्हातारी होत नाही. म्हातारपण येतं ते सीलला, वाळलेल्या ग्रीसला आणि पीप साइटच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक छिद्राच्या नेम-साधनाच्या, स्क्रूंना. हे तिन्ही तपासायची तयारी असेल तर घ्यावी. नुसती दस्त्याची चकाकी पाहून घेणार असाल तर पैसे बाजूला ठेवा.

कार्ल वेस्टिंगर आणि अर्न्स्ट आल्टेनबुर्गर हे दोघं माउझर या बंदुका बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते. गाव नेकार नदीकाठचं ओबर्नडॉर्फ. दुसऱ्या महायुद्धानंतर माउझरचा कारखाना बंद पडला, जर्मनीत शस्त्रं बनवायला बंदी आली आणि हातातलं कसब इतर बारीक यंत्रकामाकडे वळलं. दोघांनी काढलेल्या कंपनीच्या ‘फाइनवेर्कबाऊ’ या नावाचा अर्थही तोच, बारीक यंत्रकाम. हवेच्या बंदुकांना पुन्हा मोकळीक मिळाल्यावर या कंपनीने साठच्या दशकात १५० हे मॉडेल काढलं. त्या दशकाच्या अखेरीस ३०० आलं आणि सत्तरच्या सुरुवातीला ३००एस. १९६६च्या वीसबाडेनच्या जागतिक स्पर्धेत एअर रायफल पहिल्यांदा आली, १९८४मध्ये लॉस एंजेलिसला ती ऑलिंपिकमध्ये पोचली. मधल्या काळात स्प्रिंगच्या मॅच रायफलींमध्ये सगळ्यांनी ज्या मापाने इतरांना मोजलं ते माप म्हणजे ही मालिका. १९८४लाच कंपनीने एका दाबात हवा भरणारं ६०० मॉडेल आणलं. त्यानंतर वरच्या स्तरावरून स्प्रिंग उतरत गेली, तरी ३००एस पुढेही बरीच वर्षं बनत राहिली. म्हणून आज ती मिळते, आणि तिचे सुटे भागही मिळतात.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे तिचा धक्का. जत्रेत फुगे फोडायची बंदूक ज्याने चालवली आहे त्याला स्प्रिंगचा धक्का माहीत असतो. दट्ट्या पुढे सुटतो तशी बंदूक मागे येते, दट्ट्या हवेच्या उशीवर आपटून थांबतो तशी ती पुढे झेप घेते. हा सगळा गोंधळ चालू असताना छर्रा अजून नळीतच असतो, हीच खरी अडचण. ३००एसमध्ये हा धक्का नाहीसा होत नाही, तो फक्त खांद्यापर्यंत येऊ दिला जात नाही. नळी, सिलिंडर आणि पीप साइट हा सगळा वरचा भाग दस्त्यातल्या रुळांवर बसलेला असतो. ट्रिगर सुटतो त्याच क्षणी या भागाची कडीही सुटते आणि तो काही मिलिमीटर मागे घसरतो. दस्ता खांद्यात जिथल्या तिथे राहतो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच हललेलं दिसत नाही. नेमबाजाला मात्र पीप साइट डोळ्याकडे किंचित आलेली जाणवते. पुढच्या वेळी लिव्हर ओढला की वरचा भाग परत पुढे जाऊन अडकतो.

आत एक नाही, दोन स्प्रिंगा आहेत, एकीमागे एक, मधे एक कडं. एकीचा पीळ उजवा, दुसरीचा डावा. स्प्रिंग उलगडताना स्वतःभोवती थोडी फिरते आणि रायफलीला मुरड देते. दोघींची मुरड परस्परविरुद्ध असल्याने ती एकमेकींत जिरते. रायफल उघडणाऱ्याने इथे एक चूक हमखास टाळावी: बदली म्हणून एकाच पिळाच्या दोन स्प्रिंगा बसवू नयेत. बसतात, चालतातही, पण मग या रायफलीत आणि साध्या रायफलीत फरक काय उरला?

घसरण्याची तपासणी अशी करा. एक छर्रा मारून झाला की, लिव्हर न ओढता, दस्ता एका हाताने घट्ट धरा आणि वरचा भाग दुसऱ्या हाताने हळूच पुढेमागे हलवा. तो सायकलच्या चांगल्या बेअरिंगसारखा, एकसारखा सरकायला हवा. खरखरला, मधेच अडला किंवा एका टोकाला चिकटला तर रुळांवरचं जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालंय असं समजावं. अशी रायफल गोळ्या उभ्या रेषेत पसरवते. नवखा नेमबाज त्याचा दोष श्वासाला देतो. उपाय सोपा आहे: वरचा भाग दस्त्यातून काढायचा, रूळ रॉकेलच्या बोळ्याने पुसून कोरडे करायचे, आणि बोटाच्या टोकावर येईल एवढंच पातळ ग्रीस फासायचं. जास्त लावलं तर वर्षभरात धूळ धरून पुन्हा तीच गत. दुसरी खोड वापरणाऱ्याची. गाल दस्त्याऐवजी सिलिंडरवर टेकवला किंवा हात वरच्या भागाला लागला, तर घसरण अडते आणि दर वेळी वेगळी अडते. रायफल चांगली असली तरी ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फाटतो.

लिव्हर ओढायलाही एक रीत आहे. तो पूर्ण मागे, शेवटच्या टोकापर्यंत, एकाच ओघात न्यायचा. अर्ध्यात सोडायचा नाही. लिव्हरसोबत दाबाचा सिलिंडर मागे सरकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. छर्रा थेट नळीत, अंगठ्याने. दात्यांची रचना लिव्हर परत सुटू देत नाही, पण पन्नास वर्षांच्या दात्यांवर बोट पणाला लावू नये. एका हाताने लिव्हर धरूनच दुसऱ्या हाताने छर्रा घालायचा. दोन स्प्रिंगांच्या जोराने सिलिंडर पुढे आला तर बोटाचं टोक जाईल. ही अतिशयोक्ती नाही.

छर्‍याची मागची कड नळीच्या तोंडाशी सपाट बसायला हवी. केसभरही बाहेर राहिली तर सिलिंडर बंद होताना ती चेपते, आणि कारण न सांगता एक छर्रा सातच्या वर्तुळात जातो. घाईत छर्रा उलटा पडला किंवा खाली घरंगळला तर लिव्हर बंद करू नका. रायफल आडवी करून तो बाहेर काढा.

सील हा या रायफलीचा दुखरा भाग. इथे थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक ‘स्वस्तात मिळालेल्या’ रायफली इथेच महाग पडतात. दट्ट्याच्या अंगाला हवा अडवण्यासाठी मोटारीच्या पिस्टनसारखी पोलादी रिंग आहे. ती सहसा झिजत नाही आणि तिला विनाकारण हात लावू नये. दट्ट्याच्या तोंडाशी मात्र धक्का शोषणारा मऊ बफर असतो. जुना बफर काळाने पिवळा पडतो, मग मऊ मेणासारखा होतो आणि शेवटी त्याचे कण होतात. त्यानंतर दट्ट्या पोलादावर पोलाद असा आपटू लागतो. कान तयार असेल तर हे ऐकूनच कळतं. निरोगी ३००एसचा आवाज बोथट, ‘ठप्प’ असा येतो. बफर गेलेली रायफल तारेसारखी टणत्कारते आणि हादरा दस्त्यापर्यंत येतो. नळीच्या तोंडाशी, जिथे सिलिंडर येऊन टेकतो, तिथे दुसरं सील असतं. ते तपासायला टिश्यू पेपरची चिंचोळी पट्टी पुरे. छर्रा घातलेल्या रायफलीवर जोडाच्या वर पट्टी ठेवायची आणि सुरक्षित दिशेला, छर्रे अडवणाऱ्या पेटीत, मारायचं. पट्टी फडफडली तर हवा गळते आहे.

दोन्ही सील आज पॉलियुरेथेनची मिळतात आणि ती जुन्यांपेक्षा टिकतात. नळीच्या तोंडाचं सील कुणीही बदलू शकतो, काडी आणि थोडा धीर असला की झालं. बफरसाठी मात्र स्प्रिंगा बाहेर काढाव्या लागतात. स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा नसेल तर हे काम घरी करू नये. स्क्रू काढताना टोक खाचेत अचूक बसणारा पेचकसच वापरावा. विकत घेताना स्क्रूंच्या खाचा बघा: त्या फाटलेल्या असतील तर रायफल आधीच कुणीतरी अंदाजाने उघडलेली आहे.

या साऱ्याचं माप वेगात दिसतं. जर्मनीत परवान्याशिवाय विक्रीसाठी ७.५ ज्यूल ऊर्जेची मर्यादा आहे आणि १९७०पासून अशा बंदुकीवर पंचकोनात ‘एफ’ हा शिक्का येतो. ०.५३ ग्रॅमचा छर्रा ७.५ ज्यूलवर सेकंदाला सुमारे १६८ मीटर वेगाने निघतो. दहा मीटरवर पोचेपर्यंत तो साधारण १८ मिलिमीटर खाली येतो. सील गळून वेग १५०वर आला तर हीच घसरण २२-२३ मिलिमीटर होते. दहा मीटरच्या टार्गेटवर वर्तुळांमधलं अंतर अडीच मिलिमीटर आहे, म्हणजे जवळपास दोन वर्तुळं. नुसता वेग कमी असला तर पीप साइट वर करून चालवून नेता येतं. खरी पीडा वेग दर छर्‍याला बदलतो तेव्हा. सेकंदाला ३ मीटरचा फरक कागदावर पाऊण मिलिमीटर होतो, आणि दहाचा ठिपका आहे अर्ध्या मिलिमीटरचा. क्रोनोग्राफ (छर्‍याचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर दहा छर्रे मारून पाहा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक ३-४ मीटरच्या आत असेल तर रायफल निरोगी. १० मीटरच्या वर असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा.

सिलिंडरमध्ये साधं तेल कधीही सोडू नये. शिवणयंत्राचं, गाडीचं, कुठलंच. दाबाने गरम झालेल्या हवेत तेलाची वाफ पेटते, वेग अचानक वाढतो, नळीतून धूर येतो, आणि अशा काही झटक्यांत बफर आणि स्प्रिंग दोन्ही खलास होतात. विकणारा ‘बघा किती जोर आहे’ म्हणून दाखवतो आणि नळीतून धुराची रेघ निघते, तर तो जोर नसतो. छर्रा न घालता मारणंही तितकंच वाईट, कारण पुढे हवेची उशी नसल्याने दट्ट्या थेट आपटतो.

ट्रिगर हा तिचा सर्वांत सुखाचा भाग. दोन टप्प्यांचा, पहिला टप्पा हलका, मग स्पष्ट भिंत, आणि भिंतीपलीकडे काचेची काडी मोडावी तसा सुटणारा. पातं रुळावर मागेपुढे सरकतं, त्यामुळे लहान हाताच्या मुलामुलींनाही बोटाचं पहिलं पेर बरोबर बसवता येतं. दहा मीटर एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही. म्हणून अनेकजण तो श्वासाने सुटेल इतका हलका करून ठेवतात. शिकणाऱ्यासाठी हे चुकीचं आहे. सुरुवातीला थोडा जड ठेवावा, बोटाला भिंत सापडू लागली की हलका करावा. घेताना रायफल भरून, ट्रिगरला हात न लावता, दस्त्यावर तळहाताने दोन-तीन थापा मारा, अर्थात नळी छर्‍यांच्या पेटीकडे असताना. सुटली तर खटक्याची कड झिजलेली आहे किंवा कुणीतरी घासलेली आहे. अशी रायफल कितीही स्वस्त असली तरी परत करावी.

पीप साइटबद्दल दोन गोष्टी. पहिली म्हणजे ती मूळची, पूर्ण आणि न हलणारी हवी. साइट नसलेली ३००एस स्वस्त दिसते, पण चांगली साइट वेगळी घ्यायची तर तो स्वस्तपणा तिथेच संपतो. तपासणी चौकोनाने करा: एक छर्रा मारा, दहा क्लिक वर, एक छर्रा, दहा उजवीकडे, एक छर्रा, दहा खाली, एक, दहा डावीकडे, एक. शेवटचा छर्रा पहिल्याच्या भोकात गेला पाहिजे. नाही गेला तर स्क्रूत ढिलाई आहे. ढिलाई थोडी असेल तर एक युक्ती चालते: नेहमी एकाच दिशेने क्लिक करत इच्छित जागी यायचं, पुढे गेलं तर चार क्लिक मागे जाऊन पुन्हा यायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षरं. अनेक जर्मन साइटवर ‘एच’, ‘टी’, ‘आर’, ‘एल’ अशी खूण असते. ‘एच’ म्हणजे ‘होख’, उंच. आपल्याकडे बहुतेकांना वाटतं, त्या दिशेने फिरवलं की छर्रा वर जाईल. होतं उलटं. ‘छर्रा वर लागत असेल तर इकडे फिरवा’ असा त्या अक्षराचा अर्थ. त्या अक्षराच्या भरवशावर स्पर्धेच्या सराव छर्‍यांत पाच मिनिटं वाया घालवणारे अनेक असतात. घरीच एकदा फिरवून बघा आणि वहीत लिहून ठेवा.

छर्रे चपट्या डोक्याचेच. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० की ४.५१ हे प्रत्येक नळी स्वतः ठरवते. आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच अशा दोन-तीन प्रकारांचे एकेक डबे आणून टेकू देऊन पाच-पाच छर्‍यांचे ग्रुप मारावेत. ग्रुपच्या भोकाची बाहेरची रुंदी ७ मिलिमीटरच्या आसपास आली की शोध थांबवावा. सगळ्याच डब्यांनी ९च्या वर दिलं तर दोष छर्‍यांत नाही. आधी दस्त्याचे स्क्रू बघा, कारण जुनं लाकूड आकसतं आणि ते ढिले पडतात. मग रूळ, मग सील. नळी सर्वांत शेवटी. ती बहुधा फक्त शिशाने माखलेली असते आणि फेल्टच्या बोळ्या ओढून स्वच्छ होते. पितळी ब्रश घालू नये.

त्याच काळातल्या इतर जुन्या मॅच रायफलींविषयी थोडक्यात. डायना ७५मध्ये दोन दट्टे विरुद्ध दिशांना सुटून एकमेकांचा धक्का जिरवतात. कल्पना देखणी, पण दोन्हींची सीलं एकत्र जातात आणि जोडणीची वेळ जुळवणं प्रत्येक मेकॅनिकचं काम नाही. आन्शुट्झ २५०मध्ये धक्का तेलाच्या दाबाने शोषला जातो, तेल गळलं की गंमत संपली. वाल्थर एलजीआर एका दाबात हवा भरते, धक्का जवळजवळ नाही, पण लिव्हर कडक आणि सीलवर सगळी मदार. घरच्या घरी जिवंत ठेवता येईल अशी यांत ३००एसच.

आपल्याकडे घ्यायची तर कागद आधी. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, आणि ही रायफल त्यात आरामात बसते. पण परदेशातून आलेल्या रायफलीचं बिल आणि आयातीची कागदपत्रं विकणाऱ्याकडे असायलाच हवीत. ‘नंतर देतो’ हे उत्तर चालणार नाही.

सुमारे पाच किलो वजन हा सर्वांत मोठा अडसर. स्पर्धेची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे, त्यामुळे नियमात बसते, पण बारा वर्षांच्या मुलाच्या पाठीत बसत नाही. लहानांसाठी ज्युनियर किंवा मिनी मिळाली तरच बघावी. शिवाय साठ छर्रे आणि सरावाचे वेगळे, म्हणजे एका सामन्यात ऐंशी-नव्वद वेळा लिव्हर ओढायचा. उजवा खांदा चाळिसाव्या छर्‍याला बोलू लागतो. पीसीपीवाल्याला हा त्रास नाही. मात्र त्याच्या सिलिंडरवर मुदत छापलेली असते, सहसा दहा वर्षांची, आणि जुनी पीसीपी घेणाऱ्याच्या वाट्याला बहुधा मुदत संपलेलं सिलिंडर येतं. ३००एसला ना पंप लागतो, ना बाटली, ना गेज. तालुक्याच्या गावात, जिथे हवा भरायची सोय नाही, तिथे हे फार मोठं आहे.

मुंबई-कोकणातल्या मालकांनी पावसाळ्याचं वेगळं धरावं. फोमच्या पेटीत रायफल बंद करून चार महिने ठेवली की फोम ओल धरतो आणि जिथे फोम टेकतो तिथेच पोलादावर तांबूस नक्षी उमटते. सरावानंतर घामाचे हात लागलेला सगळा भाग सुती कापडाने पुसा. तेलाचा जेमतेम ओलावा असलेलं फडकं फक्त बाहेरून फिरवा. रायफल पेटीबाहेर, कपाटात उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. त्या पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्याव्यात. लिव्हर ओढलेल्या अवस्थेत रायफल कधीही ठेवू नये. चुकून भरली गेलीच तर छर्रा घालून पेटीत मारून मोकळी करा. सीलचे दोन जास्तीचे जोड आधीच आणून ठेवा आणि पुडीवर बसवल्याची तारीख लिहा, कारण पुढच्या वेळी आवाज बदलला की पहिला प्रश्न तोच येतो.